न पाहिलेल्या पुस्तकाचा सौदा

वाईचे आमचे एक वाचक सुतारकाम करतात. त्यांच्या आजोबांनी १९३८ साली घेतलेल्या घराच्या खरेदीखतावरून सध्या भाऊबंदकीचा वाद चालू आहे. घरामागच्या परसात पत्र्याची शेड आहे, तीत त्यांचा रंदा आणि करवतीचे यंत्र चालते. शेडची जागा खरेदीत आली होती की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण त्या शेडवर तीन कारागिरांची चूल अवलंबून आहे. खतात ‘दरोबस्त’, ‘मजकूर’, ‘हक्कहुकूक’ असे जुने फारसी-अरबी शब्द आहेत. वकीलसाहेब तरुण. ते म्हणाले, ‘दरोबस्त म्हणजे सगळेच्या सगळे, हे मलाही ठाऊक आहे, पण समोरचा म्हणतो नुसती इमारत. मला छापील आधार आणून द्या.’ सुतारभाईंनी खताची झेरॉक्स आमच्याकडे पाठवली.

अशी पत्रे आमच्याकडे वरचेवर येतात. कोणाला जुन्या खतावणीतला शब्द लागत नाही, कोणाला भाडेपट्ट्यातला. आपल्या धंद्याची निम्मी मराठी फारसी-अरबीतून आलेली आहे. दुकान, कारखाना, हिशेब, जमाखर्च, वसूल, बाकी, दलाल, नमुना, शाई, कागद हे शब्द वाईच्या पेठेतला वाणीही वापरतो आणि नागपाड्याचा भंगारवालाही. मोल्सवर्थ यांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवला आहे, गरजूंनी तो जरूर पाहावा. परंतु वकीलसाहेबांना अर्थ मराठीतच हवा होता, शब्द मुळात कुठला हेही हवे होते. त्यासाठी एकच ग्रंथ आमच्या डोळ्यांसमोर होता : माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे मराठीत गझल रुजवणारे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश. पटवर्धन स्वतः फारसीचे प्राध्यापक होते. कोश आमच्या कचेरीत कायमचा असावा, असेही बरेच दिवस मनात होते.

कचेरीतल्या मुलाने मोबाईलवर शोधले आणि दोन मिनिटांत सांगितले, ‘मिळतोय. आठशे वीस रुपये, आठवड्यात घरपोच.’ आम्हीही खूश झालो. पूर्वी असे पुस्तक मिळवायचे म्हणजे चार दुकाने, दोन पोस्टकार्डे आणि एक पुण्याची खेप. पैसे भरले.

सहाव्या दिवशी पार्सल आले. वर चकचकीत निळे कव्हर, त्यावर कोशाशी काडीचाही संबंध नसलेले ताजमहालासारखे चित्र. आत जुन्या छापील पानांच्या पुसट प्रती. काही पाने तिरकी, काही पानांच्या कडेचा मजकूर कापलेला, आणि एका पानावर तर पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा आलेला! हेही आम्ही सोसले असते. पण ज्या अक्षराखाली आमचा शब्द असायचा, तिथली आठ पाने नव्हतीच. त्यांच्या जागी आधीची चार पाने पुन्हा छापली होती.

तक्रार केली. उत्तर लगेच आले, फार गोड आले. पैसे परत नाहीत, बदली प्रत मिळेल. बदली प्रत आली. तिच्यातही तीच आठ पाने नव्हती, अंगठाही त्याच जागी. आम्ही पुन्हा लिहिले. तेव्हा निरोप आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कोणाचे समाधान झाले ते कळायला मार्ग नव्हता, कारण पलीकडे माणूस नव्हता.

जिल्दसाजाने दाखवलेली गोम

दोन्ही प्रती घेऊन आम्ही डोंगरीतल्या आमच्या जुन्या जिल्दसाजांकडे गेलो. हे गृहस्थ चाळीस वर्षे वह्या, रजिस्टरे, मदरशांच्या किताबा आणि वकिलांचे निवाडे बांधत आले आहेत. आता हाताशी एकच पोरगा आहे. त्यांनी प्रत हातात घेतली, पाठ वाकवली, पुठ्ठा उघडून आत डोकावले आणि म्हणाले, ‘भाईसाब, ह्यात जुज आहेच कुठे?’

ही गोष्ट आमच्या सर्व वाचकांना ठाऊक असेल असे नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. जुन्या रीतीने बांधलेले पुस्तक फरम्यांचे असते. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात, त्याच्या घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा एक जुज करतात, असे जुज क्रमाने लावून दोऱ्याने शिवतात. हीच जुजबंदी. जिल्दसाज शिलाईपूर्वी प्रत्येक जुजाची खूण आणि क्रम पाहतो. एखादा जुज राहिला किंवा दोनदा आला, तर खुणांची ओळ मोडते आणि चूक हातालाच कळते. पुस्तकाची पाने नीट आहेत की नाहीत हे पाहणारा शेवटचा माणूस जिल्दसाज असतो. ‘जिल्द’ म्हणजे अरबीत कातडी. हे काम किती जुने, ते शब्दच सांगतो.

आमच्या हातातले पुस्तक सुट्या पानांचे होते. यंत्रातून एकेक पान छापून निघाले, गठ्ठ्याच्या पाठीला गरम डिंक लागला, कव्हर चिकटले, कडा कापल्या, झाले. मागणी आली की एकच प्रत छापायची. यात वाईट काही नाही. ज्या पुस्तकाच्या वर्षाला दहा प्रती खपतात, त्याच्या हजार प्रती छापून प्रकाशकाने घर का भरावे? पण या साखळीत जुज नाही, म्हणून जुज पाहणारा डोळाही नाही. कोणीतरी कोणत्यातरी ग्रंथालयातल्या प्रतीचे स्कॅन केले. घाईत चार पाने दोनदा आणि आठ पाने एकदाही नाही असे झाले. ते स्कॅन इंटरनेटवर फुकट ठेवलेले. विकणाऱ्याने ते उचलले, न उघडता यंत्राला दिले आणि ताजमहाल चिकटवून विकायला ठेवले. हजार प्रती मागवल्या तरी हजारांतही तीच आठ पाने नसणार.

कायद्याने यात चोरी आहे का? या कोशापुरती नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो. पटवर्धन १९३९ साली वारले, म्हणजे त्यांचा ग्रंथ आता कोणीही छापू शकतो. हयात लेखकाचे किंवा अलीकडच्या प्रकाशकाचे पुस्तक असे छापून विकले तर मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. स्पर्धापरीक्षांची आणि इंजिनिअरिंगची पुस्तके अशी पातळ कागदावर छापून सर्रास विकली जातात. मुलांसाठी पुस्तके मागवणाऱ्या आमच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की निम्म्या किमतीत मिळणारे नवेकोरे पुस्तक पुष्कळदा त्याच वर्गातले असते.

माल हाती नाही, भाव मात्र लावलेला

इंटरनेटवरचा धंदा पुस्तकांपासूनच का सुरू झाला, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने १९९५ साली पहिली विक्री केली ती पुस्तकांची. आपल्याकडे फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरला पुस्तकांवरच उभे राहिले. कारण सरळ होते. नवे पुस्तक सडत नाही, मापाला कमीजास्त येत नाही, आणि एक प्रत पाहिली की सगळ्या पाहिल्यासारख्या. कापड हात लावून पाहावे लागते, आंबा हुंगून पाहावा लागतो. नव्या पुस्तकाला नाव आणि आयएसबीएन क्रमांक पुरतो.

हा हिशेब नव्या पुस्तकापुरता खरा. जुन्या पुस्तकाची प्रत्येक प्रत वेगळी. कोणाची पाठ तुटलेली, कोणाला कसर लागलेली, कोणाचा नकाशा फाडून नेलेला. शिवाय १९२५ च्या पुस्तकाला आयएसबीएन असणार कुठून? ती पद्धतच पुढे १९७० च्या सुमारास आली. तरीही इंटरनेटवरच्या बाजारात जुन्या-नव्याला एकच पान, एकच चित्र. त्या पानावर दहा विक्रेते आपला भाव लावतात. गिऱ्हाईक बटण दाबते तेव्हा माल यांपैकी कोणाकडून येणार, हे ते शंभरात नव्वद वेळा पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

त्या दहांपैकी कित्येकांकडे पुस्तकच नसते. दुसऱ्याच्या यादीवरून नाव उचलायचे, वर नफा चढवायचा, मागणी आली की त्या दुसऱ्याकडून घेऊन पाठवायचे, न मिळाल्यास ‘ऑर्डर रद्द’. भावही माणूस लावत नाही, संगणक लावतो. २०११ च्या एप्रिलमध्ये याचा एक मासला जगजाहीर झाला. माशीच्या शरीराची घडण कशी होते यावरचे पीटर लॉरेन्स यांचे १९९२ चे शास्त्रीय पुस्तक अ‍ॅमेझॉनवर दोन विक्रेत्यांनी नवे म्हणून लावले होते. एकाचा संगणक रोज दुसऱ्याहून किंचित कमी भाव लावी. दुसऱ्याचा संगणक पहिल्याच्या सुमारे सव्वापट. दोघे एकमेकांकडे पाहून चढत गेले, आणि भाव पोहोचला २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलरवर! मायकल आयझेन या कॅलिफोर्नियातल्या जीवशास्त्रज्ञांनी हा हिशेब उलगडून दाखवला. सव्वापट लावणाऱ्याकडे बहुधा पुस्तकच नसावे, मागणी आली की पहिल्याकडून घेऊन देण्याचा त्याचा बेत असावा, असा त्यांचा तर्क. आपल्या मंडईतला कुठला अडत्या गाळ्यात पोते नसताना असा भाव पुकारील?

न पाहिलेल्या मालाचा प्रश्न आपल्या फिकहच्या किताबांना नवा नाही. इमाम अबू हनीफा यांच्या मताप्रमाणे न पाहता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर परत करण्याचा हक्क खरीददाराला आहे, वस्तूत खोट नसली तरी. त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. खोट निघाली तर खियार-ए-ऐब निराळाच. मात्र विकणाऱ्याने खोट आधी सांगून विकले असेल तर तो हक्क उरत नाही. कोकणातले आपले बांधव शाफई मतानुसार चालतात, तिथे तर न पाहिलेल्या वस्तूच्या विक्रीकडे अधिकच कडक नजरेने पाहतात. बुखारा-बगदादच्या बाजारात ज्याची एवढी चर्चा झाली, त्या प्रश्नाला आमच्या मोबाईलने ‘निवारण झाले आहे’ म्हणून मोकळे व्हावे, याचा आम्हाला खरा राग आला.

पुण्याचा फोन

जिल्दसाजभाईंनीच पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याचा नंबर दिला. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास त्यांची लहानशी जागा आहे. फोन केला. म्हणाले, ‘साहेब, कोश आहे, पण उद्या सांगतो.’ आम्हाला वाटले, भाव वाढवायची युक्ती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. ‘रात्री बसून पाने मोजली. पाठ सुटलेली आहे. पहिल्या पानावर एका बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का आहे. शेवटच्या तीसेक पानांना वरच्या कोपऱ्यात कसर आहे, पण अक्षर गेलेले नाही. दोन पाने चिकटपट्टीने जोडलीत, ती पिवळी पडलीत. तुम्ही म्हणता ती पाने सगळी आहेत. सोळाशे रुपये होतील. चालत असेल तर पाठवतो, नाही तर राहू द्या.’

आम्ही तत्काळ होकार दिला. दुप्पट भावाचे मुळीच वाईट वाटले नाही. चौथ्या दिवशी पुस्तक आले, आणि त्यांनी सांगितलेली प्रत्येक खोट सांगितलेल्या जागी होती. एक जास्त होती, मलपृष्ठावर चहाच्या कपाचा डाग. त्यासाठी त्यांनी आत चिठ्ठी घातली होती : हा सांगायचा राहिला, पन्नास रुपये कमी करून पाठवावेत.

आम्ही नंतर त्यांना विचारले, तुम्ही इंटरनेटवर का विकत नाही? त्यांनी दोन वर्षे विकून पाहिले होते. त्यांचा हिशेब असा. पुस्तकावर जीएसटी नाही, नुसती पुस्तकेच विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. पण संकेतस्थळ जी दलाली घेते, वर ठरावीक आकार आणि वाहतूक लावते, त्या साऱ्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. पुस्तकावर करच नसल्याने तो वळता करून घेता येत नाही. दीडशे रुपयांच्या जुन्या पुस्तकात मग हाती काय राहणार? त्यातून गिऱ्हाईकाने परत पाठवले तर येण्याजाण्याचा खर्च अंगावर. कोणी एकाने चांगली प्रत मागवून स्वतःची फाटकी प्रत परत पाठवली, तेव्हा त्यांनी हात जोडले.

पोस्टाचीही कथा आहे. छापील पुस्तके स्वस्तात पाठवण्याची रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद झाली, तेव्हा लहान पुस्तकवाले हवालदिल झाले होते. पुढे १ मे २०२५ पासून पोस्टाने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, वर कर. अभ्यासाची, सामाजिक-सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके यातून जातात, पार्सल कुठे पोहोचले तेही कळते. भेंडीबाजार-मोहम्मद अली रोडच्या आमच्या किताबवाल्यांपैकी अजून अनेकांना या सोयीची खबर नाही, असे दिसले. काउंटरवर नाव घेऊन मागावी लागते.

इंटरनेट वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुंबईतले १९४८ पासूनचे स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झाले. अशी दुकाने मिटत असताना सिरोंचाच्या किंवा दापोलीच्या वाचकाने जावे कुठे? घराबाहेर फारसे न पडणाऱ्या आमच्या कितीतरी भगिनी आज मोबाईलवरून पुस्तके मागवतात, दुबईतला रत्नागिरीकर मराठी कादंबरी मागवतो. नव्या पुस्तकासाठी ही सोय उत्तमच. जुन्यासाठी मागवण्यापूर्वी विक्रेत्याचे नाव पाहावे, तो पुस्तकवाला आहे की चपला-चार्जर-पुस्तके सगळेच विकणारा ते पाहावे, शक्य असेल तर त्याच प्रतीच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा आणि हव्या त्या प्रकरणाचा फोटो मागावा. फोटो द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडे बहुधा पुस्तक नसते. पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे आणि पाने त्याच दिवशी चाळावीत. परतीची मुदत वाचायला लागेपर्यंत संपलेली असते.

आणि खोट निघालीच तर गप्प बसू नये. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निकाल लावावा लागतो. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणेही बंधनकारक आहे. तेवढ्याने न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आठशे रुपयांसाठी एवढे कोण करतो, असे आम्हालाही वाटले होते. तरी आम्ही १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली. एकोणिसाव्या दिवशी आठशे वीस रुपये खात्यात आले. खुलासा नाही, माफी नाही, सदोष प्रती परत न्यायलाही कोणी आले नाही. त्या संध्याकाळी मुलाने मोबाईल उघडून पाहिले, तर तोच कोश, तोच ताजमहाल, विक्रीला होताच. भाव आठशे नव्वद.

वाईला आम्ही लगेच ‘दरोबस्त’च्या पानाची आणि मुखपृष्ठाची झेरॉक्स पाठवली. वकीलसाहेबांनी ती दाव्यात जोडली आहे. एका शब्दावर निकाल लागणार नाही, नकाशा आणि साक्षीदारही लागतील, असे ते म्हणतात. पुढली तारीख पावसाळ्यानंतरची आहे. शेडमधले यंत्र तूर्त चालू आहे.

उरल्या त्या दोन सदोष प्रती. त्यांतली एक जिल्दसाजभाईंनी ठेवून घेतली होती. परवा त्यांनी बोलावून हातात दिली. पुण्याच्या कोशावरून आठ पानांची झेरॉक्स काढून त्यांनी ती जागच्या जागी बसवली होती, दोनदा आलेली चार पाने काढली होती, डिंकाची पाठ सोडवून कडेने शिलाई मारली होती आणि वर काळ्या कापडाची पाठ चढवली होती. ताजमहाल गेला. आतल्या कोऱ्या पानावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात कोणती आठ पाने झेरॉक्स आहेत त्यांचे आकडे लिहिले होते. मजुरी साडेतीनशे रुपये. ही प्रत आम्ही वाईच्या सुतारभाईंना पाठवत आहोत, ज्ञान पोस्टाने.